सहा गोलांचा आरोपी

फुटबॉलच्या सामन्याची जी नोंद मागे उरते, ती मुळातच आघाडीपटूंच्या बाजूची असते. तारीख, मैदान, पंचाचे नाव, दोन्ही बाजूंची अकरा-अकरा नावे, आणि मग गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला केला. गोल होऊ दिला नाही त्याच्यासाठी रकाना नाही. बचावपटूचे नाव संघयादीत एकदा येते. दुसऱ्यांदा यायचे तर त्याने स्वतःच्याच जाळ्यात चेंडू मारायला हवा, पंचाने त्याला बाहेर काढायला हवे, किंवा त्याने चक्क प्रतिस्पर्ध्यावर गोल करायला हवा. नव्वद मिनिटे चोख काम केले तर कागदावर उरते ते फक्त एक शून्य, आणि तेही सगळ्यांच्या सामाईक मालकीचे.

एर्न्स्ट हापेलची खेळाडू म्हणून कारकीर्द असल्या कागदांवरून उभी करायची म्हणजे ही अडचण पहिल्याच पावलाला आडवी येते. दुसरी अडचण त्याच्या नंतरच्या कीर्तीची. फायनूर्डला १९७० साली आणि हॅम्बर्गला १९८३ साली युरोपियन कप मिळवून देणारा, दोन वेगवेगळ्या क्लबांसह हा चषक जिंकणारा पहिला प्रशिक्षक म्हणजे हापेल. १९७८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सच्या बाकावर तोच होता. त्यामुळे त्याच्याविषयीच्या बहुतेक आठवणी प्रशिक्षक हापेलपासून सुरू होतात आणि तिथून मागे जात खेळाडू हापेल रंगवतात: तोंडात सिगारेट, हातात पत्ते, पायात आळस आणि डोक्यात सगळा खेळ. चित्र फक्कड आहे. पण ही झाली बखर. बखर टाकून द्यायची नसते, मात्र तिच्याशेजारी अस्सल कागद ठेवून वाचायची असते. आणि हापेलच्या बाबतीत संघयाद्या, गोलांची मिनिटे, सामन्यांच्या तारखा आणि लीगचे तक्ते एवढे कागद शाबूत आहेत. त्यांतून काय निघते आणि काय निघत नाही, हे पाहण्यासारखे आहे.

जन्म २९ नोव्हेंबर १९२५, व्हिएन्ना. क्लब रॅपिड, तोही पोरवयापासून. मोठ्यांच्या संघात तो १९४२–४३ च्या हंगामात आला, आणि हा काळ ध्यानात ठेवायला हवा. १९३८ साली ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन केला गेला होता आणि व्हिएन्नाचे क्लब जर्मन स्पर्धांत खेळत होते. २२ जून १९४१ रोजी, म्हणजे जर्मन फौजा सोव्हिएत रशियात घुसल्या त्याच दिवशी, रॅपिडने शाल्केला ४–३ असे हरवून जर्मनीचे विजेतेपद पटकावले होते. त्या संघात हापेल नव्हता. तो आला तेव्हा विजेत्या संघातली माणसे एकेक करून सैन्यात ओढली जात होती. पुढे त्यालाही गणवेश चढवावा लागला. त्याच्या युद्धातल्या दिवसांच्या ज्या चटकदार गोष्टी सांगितल्या जातात त्यांना मी इथे हात लावत नाही. फुटबॉलच्या कागदांत त्यांचा पुरावा सापडणे शक्यच नाही.

युद्धानंतरचा तक्ता मात्र स्वच्छ आहे. रॅपिडने १९४६, १९४८, १९५१, १९५२ आणि १९५४ साली लीग जिंकली. पुढे हापेल दोन वर्षे पॅरिसला गेला, परत आला, आणि १९५७ साली रॅपिडने पुन्हा जिंकली. हापेलच्या नावावर सहा विजेतेपदे. तो पॅरिसला असतानाच्या दोन हंगामांपैकी एकात, १९५६ साली, रॅपिडने त्याच्याशिवायही विजेतेपद मिळवले, हेही तक्त्यात दिसते. यावरून 'हापेलवाचून रॅपिडचे काही अडले नाही' असे लिहायचा मोह होतो. तो आवरावा. अकरा माणसांच्या खेळात एकाच्या अनुपस्थितीचा परिणाम ठरवायला दोन हंगाम फार तोकडे पडतात.

याच काळात एक बदल घडला, आणि तो संघयाद्यांत फार मजेशीर रीतीने दिसतो. जुन्या पद्धतीने यादी छापताना आधी गोलरक्षक, मग दोन फुलबॅक, मग तीन हाफबॅक, मग पाच आघाडीपटू असा क्रम असे. व्हिएन्नाची परंपरा अशी, की मधल्या तिघांतला मधला, म्हणजे सेंटर हाफ, हाच खेळाचा सूत्रधार. एर्न्स्ट ओत्सविर्क हा त्या वंशातला शेवटचा मोठा खेळाडू. इंग्लंडमध्ये तिकडे तो मधला माणूस केव्हाच मागे खेचून निव्वळ राखणदार केला होता. ऑस्ट्रियाच्या १९५२ मधल्या याद्या पाहिल्या तर हापेलचे नाव फुलबॅकच्या जोडीत, रोकलच्या शेजारी छापलेले आहे आणि ओत्सविर्क मधोमध आहे. १९५४ च्या याद्यांत हाफबॅकांची ओळ 'ओत्सविर्क, हापेल, कोलर' अशी आहे. मधल्या जागी हापेल, आणि ओत्सविर्क बाजूला.

वरवर वाचणाऱ्याला वाटेल की हापेलला बढती देऊन पुढे पाठवले. घडले ते उलटे आहे. छापण्याचा साचा जुनाच राहिला. मैदानावर मात्र मधला माणूस आता दोन फुलबॅकांच्या मधे, गोलाच्या समोर उभा होता. ऑस्ट्रियानेही अखेर इंग्लिश पद्धतीचा राखणदार स्वीकारला होता, आणि त्या जागेसाठी त्यांनी निवडला तो चेंडू लाथाडून मोकळा होणारा दांडगट नव्हे, तर चेंडू पायाशी घेऊन पुढे देणारा गडी. रॅपिडचा संघ १९४९ साली ब्राझीलला जाऊन तिथला खेळ पाहून आला होता. त्यानंतर क्लबाने आपली मांडणी बदलली, आणि १९५०–५१ च्या हंगामात शंभरावर गोल करून लीग जिंकली. त्या बदलात हापेलचा वाटा किती, हे यादी सांगत नाही. नव्या मांडणीत गोलासमोर तो होता, एवढे सांगते.

आता एक सामना जरा जवळून पाहू. २५ मे १९५२, व्हिएन्ना, ऑस्ट्रिया विरुद्ध इंग्लंड. ऑस्ट्रियाच्या गोलात मुसिल, त्याच्यापुढे रोकल आणि हापेल. बरोबरी २–२. शेवटची काही मिनिटे उरलेली. इंग्लंडच्या गोलरक्षकाने चेंडू अडवून टॉम फिनीकडे फेकला, फिनीने तो नॅट लॉफ्टहाऊसला दिला, आणि लॉफ्टहाऊस अर्धे मैदान एकटा धावत गेला. मुसिल पुढे आला, दोघे आदळले, लॉफ्टहाऊस जमिनीवर कोसळला आणि चेंडू जाळ्यात गेला. इंग्लंड ३–२. लॉफ्टहाऊसला त्या दिवसापासून 'व्हिएन्नाचा सिंह' हे बिरुद चिकटले ते जन्मभरासाठी. इंग्रजी क्रीडापत्रकारितेत ही धाव शेकडो वेळा लिहिली गेली.

त्या धावेत हापेल कुठे होता? तो मागे पडला, की आधीच पुढे गेला होता, की दुसऱ्या कोणाच्या अंगावर होता? गोलाच्या नोंदीत लॉफ्टहाऊस आहे, पासाच्या आठवणीत फिनी आहे, टकरीत मुसिल आहे. दोन बचावपटू त्या यादीत आहेत आणि त्या गोष्टीत नाहीत. एवढा गाजलेला गोल, पण बचावाच्या बाजूने तो कोणी लिहूनच ठेवला नाही. बचावपटूच्या इतिहासकाराला अशी पाने पदोपदी भेटतात.

दोन वर्षांनी मात्र त्याच्या नावासमोर बोट ठेवायला लोकांना एक पान मिळाले. १९५४, स्वित्झर्लंडमधला विश्वचषक. संघाचा सूत्रधार वाल्टर नाउश, स्वतः तीसच्या दशकातल्या ऑस्ट्रियाच्या 'वुंडरटीम'मधला हाफबॅक. ऑस्ट्रियाने पहिला सामना स्कॉटलंडशी १–० असा जिंकला, दुसरा चेकोस्लोव्हाकियाशी ५–० असा. मग २६ जूनला लोझानमध्ये यजमानांशी उपांत्यपूर्व सामना.

त्या सामन्याच्या गोलांची मिनिटे नुसती ओळीने वाचली तरी धाप लागते. सोळाव्या, सतराव्या आणि एकोणिसाव्या मिनिटाला स्वित्झर्लंड: ३–०. पंचविसाव्या, सव्विसाव्या आणि सत्ताविसाव्या मिनिटाला ऑस्ट्रिया: ३–३. मध्यंतराला ऑस्ट्रिया ५–४ ने पुढे. अखेर ७–५. विश्वचषकाच्या एका सामन्यात बारा गोल, हा विक्रम आजही मोडलेला नाही. ऊन एवढे होते की ऑस्ट्रियाचा गोलरक्षक कुर्ट श्मीड याला उष्माघात झाला. त्या काळी बदली खेळाडूची सोय नव्हती, म्हणून तो तसाच उभा राहिला. गोलामागे संघाचा मालिशवाला उभा राहून चेंडू कुठून येतोय ते त्याला ओरडून सांगत होता, अशी आठवण सांगितली जाते. ही आठवण बखरीतली खरी, पण श्मीड पुढच्या सामन्यात खेळला नाही हे यादीच सांगते, तेव्हा तिच्या मुळाशी तथ्य आहे.

चार दिवसांनी, ३० जूनला, बाझलमध्ये पश्चिम जर्मनीशी उपांत्य सामना. गोलात श्मीडऐवजी वाल्टर त्सेमान, डाव्या बाजूला बार्शांटऐवजी श्लेगर. बाकी हानापी, ओत्सविर्क, हापेल, कोलर आणि पुढचे पाचही तेच. निकाल १–६.

ऑस्ट्रियात या आकड्याची सल किती खोल गेली असेल हे सांगायला नको. हरले ते जर्मनीकडून, विलीनीकरणाला सोळा वर्षे आणि युद्ध संपून नऊ वर्षे झाली असताना, आणि देशात चार राष्ट्रांच्या फौजा अजून ठाण मांडून असताना. अशा पराभवाला एखादा आरोपी लागतोच. पराभवाच्या चर्चेत दोन नावे पुढे आली: त्सेमान आणि हापेल. गोलरक्षक, आणि गोलासमोरचा राखणदार. दोघेही रॅपिडचे.

आता पानावर काय आहे ते पाहू. पहिला गोल एकतिसाव्या मिनिटाला, शेफरचा. मध्यंतराला १–०. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला मोरलॉक, २–०. एक्कावन्नाव्या मिनिटाला प्रोब्स्टने ऑस्ट्रियाचा गोल केला, २–१. म्हणजे खेळाचा निम्म्याहून अधिक वेळ गेला तेव्हा सामना पूर्ण उघडा होता. त्यानंतर चोपन्नाव्या मिनिटाला फ्रिट्झ वाल्टरची पेनल्टी, एकसष्टाव्या मिनिटाला त्याचा भाऊ ओटमार, चौसष्टाव्या मिनिटाला पुन्हा फ्रिट्झची पेनल्टी. दहा मिनिटांत सामना संपला. शेवटचा गोल एकोणनव्वदाव्या मिनिटाला, ओटमारचा. तेव्हा तो अडवण्याइतका जीव कोणात उरला नसणार.

सहापैकी दोन पेनल्टी. जर्मनांची कॉर्नर किक आणि उंच चेंडू वारंवार घातक ठरले, हे त्या सामन्याच्या जवळजवळ प्रत्येक वर्णनात येते. उंचावरून येणारा चेंडू ही गोलरक्षक आणि मधला राखणदार या दोघांच्या सामाईक हद्दीतली गोष्ट आहे, आणि त्या सामन्यात ही जोडी स्पर्धेत पहिल्यांदाच एकत्र उभी होती. आधीचे तीनही सामने श्मीड खेळला होता. क्लबात त्सेमान आणि हापेल वर्षानुवर्षे एकमेकांपुढे खेळलेले, हे खरे. तेव्हा 'ओळख नव्हती' असा बचाव टिकत नाही. पण फॉर्मात नसलेल्या गोलरक्षकाला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात उतरवावे लागले, आणि उतरवावे लागले ते लोझानच्या उन्हामुळे, ही साखळी कागदावर स्पष्ट आहे.

मला जास्त महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. लोझानमध्ये ऑस्ट्रियाने पाच गोल खाल्ले. बाझलमध्ये सहा. बचावाच्या हिशेबात फरक एका गोलाचा, आणि मध्ये फक्त चार दिवस. लोझानच्या पाच गोलांबद्दल हापेलला कोणी जबाबदार धरल्याचे ऐकिवात नाही, कारण पुढच्या पाच जणांनी सात केले. बाझलमध्ये पुढच्यांनी एक केला, आणि सगळा दोष मागच्यांच्या पदरात पडला. याच बाझलच्या मैदानावर दहा दिवस आधी जर्मनीने हंगेरीकडून आठ गोल खाल्ले होते. त्या दिवशी जर्मन प्रशिक्षक झेप हेरबेर्गरने बरेच राखीव खेळाडू उतरवले होते, हे मान्य. तरी आठ ते आठच. पुढे ४ जुलैला जर्मनीने त्याच हंगेरीला हरवून विश्वचषक जिंकला, आणि त्या आठ गोलांचे रूपांतर हेरबेर्गरच्या चतुराईत झाले. जर्मनीच्या बचावपटूंना त्या आठांचा जाब कोणी विचारला नाही. ऑस्ट्रियाच्या बचावपटूंना सहांचा जाब विचारणे कधी थांबले नाही.

३ जुलैला झुरिकमध्ये तिसऱ्या क्रमांकासाठीचा सामना झाला. ऑस्ट्रियाने उरुग्वेला ३–१ असे हरवले; विश्वचषकातली ही त्यांची आजवरची सर्वोत्तम कामगिरी. गोलात श्मीड परतला होता. मधल्या जागी कोलमन होता, हापेल नव्हता. त्याच उन्हाळ्यात हापेल रॅपिड सोडून रेसिंग क्लब द पॅरिसकडे गेला. संघातून वगळले म्हणून रागावून देश सोडला, अशी गोष्ट रचायला हे दोन कागद पुरेसे आहेत, आणि ती रचलीही जाते. पण कागदावर क्रम आहे, कारण नाही. पॅरिसमध्ये व्यावसायिक फुटबॉल होते आणि तिथे पगार मिळत होता. अठ्ठावीस वर्षांच्या बचावपटूला एवढे कारण पुरे झाले असते.

पॅरिसची दोन वर्षे मी भरभर ओलांडतो. १९५६ साली तो परत आला तो थेट युरोपियन कपच्या दुसऱ्या मोसमात. चषक होता रेआल माद्रिदकडे. रॅपिडची गाठ त्यांच्याशीच पडली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी माद्रिदमध्ये रॅपिड २–४ असे हरले. १४ नोव्हेंबरला व्हिएन्नात परतीचा सामना.

आणि इथे बचावपटूच्या नावासमोरचा तो रकाना एकदाचा भरला. रॅपिड ३, रेआल माद्रिद १. रॅपिडचे तीनही गोल हापेलचे, दोन फ्री किकवर आणि एक पेनल्टीवर. माद्रिदचा एक गोल दि स्तेफानोचा. ज्या संघात दि स्तेफानो, कोपा आणि हेन्तो होते, त्याच्याविरुद्ध हॅटट्रिक केली ती गोलासमोर उभ्या राहणाऱ्या राखणदाराने.

या तीन गोलांकडेही थोडे सावधपणे पाहावे लागते. तीनही थांबलेल्या चेंडूवरचे आहेत. त्यांवरून हापेल आघाडीला जाऊन खेळत होता असे सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच, की संघात फ्री किक आणि पेनल्टी दोन्ही मारायचा मान त्याचा होता. म्हणजे पायावरच्या ताब्यात त्याच्या तोडीचा माणूस संघाच्या मते दुसरा नव्हता, आणि त्या संघात हानापीसारखा कसबी खेळाडू होता हे विसरू नये. राष्ट्रीय संघासाठी ५१ सामन्यांत ५ गोल, हा आकडाही त्याच दिशेने बोट दाखवतो. आळशी म्हणून ज्याला आठवणींत रंगवले आहे, तो पळण्यात आळशी असेलही. चेंडू मारण्यात नव्हता.

दोन सामन्यांची बेरीज ५–५ झाली. बाहेरच्या मैदानावर रॅपिडचे गोल दोन, माद्रिदचा एक. पुढे युरोपियन कपमध्ये जो 'अवे गोल'चा नियम लागू झाला, तो तेव्हा असता तर गतविजेते रेआल माद्रिद पहिल्याच अडथळ्यावर बाद झाले असते. नियम आला दशकभराने. १९५६ साली तिसरा सामना खेळायचा होता, तटस्थ मैदानावर नव्हे तर माद्रिदमध्येच, आणि १३ डिसेंबरला तो माद्रिदने २–० असा जिंकला. ३० मे १९५७ रोजी त्यांनी फिओरेन्टिनाला हरवून चषक राखला. लागोपाठच्या पाच विजेतेपदांतले ते दुसरे. त्या पाचांच्या माळेत किती बारीक धागा होता, हे युरोपियन कपच्या इतिहासांत क्वचितच लिहिलेले आढळते.

१९५८ चा स्वीडनमधला विश्वचषक त्याच्या वाट्याला आला, पण ऑस्ट्रिया ब्राझील आणि सोव्हिएत संघाकडून हरून आणि इंग्लंडशी बरोबरी करून घरी परतले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युगोस्लाव्हियाविरुद्ध तो राष्ट्रीय संघाकडून अखेरचा खेळला. १९५९ साली रॅपिडसाठीही बूट उतरवले. पुढे क्लबाच्या फुटबॉल विभागाची व्यवस्था, मग १९६२ साली हेगचा एडीओ क्लब, आणि तिथून बखरीतला हापेल सुरू होतो.

१४ नोव्हेंबर १९९२ रोजी, ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक असतानाच, इन्सब्रुकमध्ये कर्करोगाने त्याचे निधन झाले. माद्रिदविरुद्धच्या त्या तीन गोलांना त्याच दिवशी छत्तीस वर्षे पूर्ण होत होती; हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही काढू नये. व्हिएन्नाच्या प्राटर स्टेडियमला त्याचे नाव दिले गेले ते मुख्यतः प्रशिक्षक म्हणून.

खेळाडू हापेलवरचा बाझलचा खटला मात्र रीतसर निकालात निघालेला नाही. माझ्या मते, आहे त्या पुराव्यावर तो टिकत नाही. सहा गोलांतला एकही गोल नक्की त्याच्या चुकीने झाला असे दाखवता येईल, असा आधार नोंदींत नाही. दहा मिनिटांत कोसळला तो अख्खा संघ. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी ३० जूनचे पान उघडण्याआधी २६ जूनचे उघडावे, आणि मग आरोपीचे नाव सांगावे.